वाफ कुठं जाते

वडनेर भोलजी मागे टाकून हायवेवरून आत वळलं की 'हॉटेल अन्नपूर्णा, परमिट रूम' अशी पाटी दिसते. नवख्या माणसाला वाटतं, मालकाने देवीचं नाव दिलंय. गावातल्या लोकांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. अन्नपूर्णा ही जितीजागती बाई आहे, परवाना तिच्या नावावर आहे आणि या घडीला ती मागच्या स्वयंपाकघरात शेवभाजीला फोडणी देते आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. आणि ज्यांना ठाऊक होतं, त्यांनीही तिचा फक्त हात पाहिलेला होता.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी होती. दोन प्लेटा शेजारी शेजारी निघतील एवढी. तिला लाकडी झडप. वेटरने झडपेवर बोटं वाजवली की झडप उघडायची, प्लेट धरलेला हात बाहेर यायचा, प्लेट ठेवायचा, झडप बंद. हातात हिरव्या बांगड्या. दोन वर्षांपूर्वी एके दुपारी तो हात बांगड्यांशिवाय बाहेर आला. ट्रकवरून महिन्याने परतलेला कचरू नेहमीच्या कोपऱ्यात बसला होता. त्याने ग्लास खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "गुर्जी गेले वाटते."

गुरुजी म्हणजे भगवानराव, अन्नपूर्णाबाईचे यजमान. शाळेत शिक्षक. नोकरी असल्यामुळे परवाना त्यांना स्वतःच्या नावावर घेता येईना, म्हणून बायकोच्या नावावर घेतला. सकाळी व्यसनमुक्तीच्या प्रभातफेरीत ते पुढच्या फलकाचं टोक धरायचे आणि संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या दाराने आत यायचे. स्वतः जन्मात थेंब घेतला नाही, याचा त्यांना फार अभिमान. घरात 'बार' हा शब्द कोणी काढत नसे. 'तिकडं' म्हणत. "तिकडं गर्दी हाय काय आज?" असं सासूबाई तानाबाई जपमाळ ओढता ओढता विचारायच्या. तिकडच्या कमाईचा मजला घरावर चढला, तिकडच्या कमाईत लग्नं लागली. पण तिकडचं नाव तोंडी घ्यायचं नाही आणि घरच्या बाईने तिकडच्या हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा नियम. स्वयंपाकघर चालत होतं. कारण ते मागे होतं.

वर्षाकाठी एखादा साहेब तपासणीला आला की मात्र मालकीण लागायची. मग दीर पुंजाजी धावत मागे यायचा. "वहिनी, पदर घ्या अन् या बरं जरा." अन्नपूर्णाबाई हात पुसून हॉलमध्ये यायची. साहेब विचारायचा, "मालकीण आपणच?" ती म्हणायची, "हाव." सही करायची आणि पुन्हा मागे. तेवढ्या एका 'हाव'पुरतं तिला तिच्या हॉटेलात उभं राहायला मिळत असे.

गुरुजी गेल्यावर गल्ल्यावर पुंजाजी बसू लागला. कोणी बसवलं नाही, बसू लागला. स्वयंपाकघरात अन्नपूर्णाबाई आणि पुंजाजीची बायको विमलबाई. बदल एवढाच, की हातातल्या बांगड्या गेल्या.

त्या उन्हाळ्यात लेकीने, राखीने, तिला पुण्याला नेलं आणि एका मोठ्या हॉटेलात जेवायला घातलं. तिथे काचेच्या भिंतीमागे मोठाली चकचकीत भांडी होती आणि गमबूट घातलेली एक पोरगी लांब दांड्याने काहीतरी ढवळत होती. "बीअर बनवून राह्यली ते, आई," राखी म्हणाली. जेवण राहिलं बाजूला. अन्नपूर्णाबाई उठून काचेशी गेली. पोरगी हसतमुख होती, तिने आत बोलावून सगळं दाखवलं. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, कोमट पाण्यात मुरू द्यायचे, गोड पाणी गाळून घ्यायचं, उकळायचं, थंड करून आंबवायचं. अन्नपूर्णाबाईला ओळखीचं वाटू लागलं. राखी तान्ही असताना तिने मोडाची ज्वारी अशीच वाळवली-भरडली होती, आणि आंबील तर दर उन्हाळ्यात होतेच. पोरीने चव बघायला छोटा ग्लास दिला. वीसेक वर्षं बारची मालकीण असलेल्या बाईने पन्नाशीत पहिल्यांदा बीअरचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं, मग दुसरा घेतला.

"कशी हाय?" राखीने विचारलं.

"कारल्याच्या पाण्यासारखी. पण कारलंही खातेच ना आपण."

परतीच्या प्रवासात मात्र तिला आठवत राहिली ती बीअर नव्हे. त्या पोरीसमोर काच होती. येणारे-जाणारे तिचा चेहरा बघत होते आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तिथंच बनवून तिथंच विकायचा वेगळा परवाना लागतो. तो काढण्यात साल गेलं. पुंजाजीने हरकत घेतली नाही, उलट त्यालाच उत्साह आला. आपल्या तालुक्यात अशी बीअर कोणीच देत नाही, बुलढाण्याचे, खामगावचे लोक गाड्या घेऊन येतील, असं तो सगळ्यांना सांगू लागला. सह्या अर्थातच अन्नपूर्णाबाईच्या. आता प्रश्न राहिला यंत्राचा, आणि यंत्र आलं की पुरुष आले.

पुंजाजीने पहिलं यंत्र आणलं ते फोनवर. फोटो. तांब्याच्या रंगाची तीन प्रचंड भांडी, काचेच्या खोलीत. "हे हॉलमध्ये ठेवू. समोरून दिसलं पाह्यजे. चालवाले पुण्याचा माणूस ठेवू, कोट घालून."

"अन् मी?" अन्नपूर्णाबाईने विचारलं.

"तुमाले काऊन तरास? तुमी आपलं शेवभाजीचं पाहा. ते तर तुमच्या हाताशिवाय होतच नाही."

त्या यंत्राला थ्री फेजचा मोठा भार लागत होता. आणि इकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल, कधी येईल याचा नेम नाही. उकळी आलेली असताना वीज गेली की अख्खं भांडं वाया. तेवढं मोठं यंत्र हॉटेलच्या जनरेटरवर ओढलं जाणार नव्हतं. मोईज, हॉटेलचं वायरिंग पहिल्यापासून बघणारा नांदुऱ्याचा वायरमन, फोटो बघून म्हणाला, "पुंजाजीभाऊ, याच्यासाठी आधी डीपी बदला, मंग जनरेटर बदला, मंग मले बदला." ते यंत्र तिथेच संपलं.

दुसरं खामगावच्या एका कारागिराने सुचवलं. गॅसवर चालणारी तीन भांडी, भक्कम, स्वस्तात करून देतो म्हणाला. अन्नपूर्णाबाई विमलबाईला घेऊन बघायला गेली. भांडी खरोखर चांगली होती. कारागीर म्हणाला, "शेगडी मोठी लागेल ताई, चिमणी लागेल. हे काम स्वयंपाकघरातलंच." विमलबाईला ते पसंत पडलं. अन्नपूर्णाबाईने कळवते म्हणून निरोप घेतला. येताना जीपमध्ये विमलबाईने विचारलं, "काय खोट हाय त्याच्यात, जाऊबाई?"

"खोट नाही. पण ज्याले चिमणी लागते ते मागंच राह्यते."

विमलबाईने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

तिसरं यंत्र घेऊन पुण्याचा विक्रेता स्वतः आला. तरुण, नम्र, टाय लावलेला. व्हॅनमधून त्याने स्टीलचं एकच उभं भांडं उतरवलं, कमरेएवढ्या उंचीचं, आणि हॉलमधल्या टेबलाशेजारी ठेवलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. कोपऱ्यात कचरू होता. विक्रेता पुंजाजीसमोर बसला आणि सांगू लागला. सगळं विजेवर. साध्या सिंगल फेजवर चालतं. भिजवायचं, गाळायचं, उकळायचं एकाच भांड्यात. धान्य आतल्या जाळीच्या डब्यात, डबा कप्पीने वर उचलायचा की गोड पाणी खाली राहतं. तपमान पडद्यावर लावून ठेवायचं, ते यंत्र सांभाळतं.

"आमचा जनरेटर घेईन हे?" पुंजाजीने विचारलं.

"आरामात, सर."

झडप किंचित उघडी होती. तिच्यातून आवाज आला, "वाफ कुठं जाते?"

विक्रेत्याने मागे पाहिलं, छताकडे पाहिलं, कचरूकडे पाहिलं. कचरूने ग्लासच्या काठावरून डोळ्यांनीच भिंत दाखवली.

"सर, वाफेचं म्हणाल तर..." विक्रेता पुंजाजीला सांगू लागला.

"विचारलं मी," भिंत म्हणाली.

तो उठला, खिडकीशी आला आणि वाकला. आत पदर घेतलेला एक चेहरा होता, कपाळावर घाम, हातात झारा. "मॅडम, नमस्कार. वाफ बाहेर जातच नाही. झाकणाला एक नळी आहे, तिच्यात थंड पाण्याचा फवारा असतो. वाफेचं पाणी होतं आणि पाइपने मोरीत जातं."

"म्हंजे धूर नाही."

"नाही."

"चिमणी?"

"अजिबात नाही."

"मंग याले स्वयंपाकघर लागते का नाही?"

विक्रेता विचारात पडला. असं कोणी विचारलं नसावं. "तसं बघितलं तर नाही लागत, मॅडम. पाणी आणि वीज पोचली की झालं. पाण्याला मात्र जपावं लागेल. इकडचं पाणी..."

"खारं हाय. अख्खा पट्टाच खारा हाय आमचा. आरओचं घालू." आणि झडप बंद झाली. लगेच पुन्हा उघडली. "धुवाले ते जाळीचं भांडं पुरं बाहेर निघते ना?"

"निघतं, मॅडम."

"बरं."

संध्याकाळी घरी बैठक बसली. तानाबाई पलंगावर, पुंजाजी खुर्चीत, विमलबाई दाराशी. अन्नपूर्णाबाई म्हणाली, "मले ते लहानं पसंत हाय. विजेचं."

पुंजाजीने हरकत घ्यावी, अशी तिने मनाची तयारी केली होती. पण त्याने मांडीवर थाप मारली. "मलेही! मी तेच म्हनून राह्यलो होतो. लहानं हाय, मागं फ्रीजच्या बाजूले आरामात बसते. तुमी दोघी मागंच्या मागं करा, पुढं नळातून आली की गिऱ्हाईकाले काय कळते कोनं बनवली? पुण्याच्या मानसाचा पगारही वाचला." मग आवाज खाली आणला. "खरं सांगू काय वहिनी, माह्या पोरीसाठी, पुष्पांजलीसाठी, पोरगा पाहून राह्यलो आपन. पाव्हन्यायले कळलं का घरची बाई बीअर करते, तर कोन येईन?"

"बार हाय ते चालते पाव्हन्यायले?" अन्नपूर्णाबाईने विचारलं.

"बार मानसाचा रायते, वहिनी. त्याचं काय."

"तिकडचं तिकडं राहू द्या," तानाबाई माळेचा मणी पुढे सरकवत म्हणाल्या. "बाईनं केलं तरी चालीन. दिसू नये म्हंजे झालं."

दिसायचं नाही, हे अन्नपूर्णाबाई आयुष्यभर करत आली होती. दिसायचं नाही म्हणून सहीपुरतं बाहेर यायचं, दिसायचं नाही म्हणून नवऱ्याच्या दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी झडपेमागे उभं राहून कांदे चिरायचे. आता या वयात ती एक नवी गोष्ट शिकणार होती, स्वतः निवडून आणणार होती, आणि तीही भिंतीच्या मागे गाडायची ठरली. वाफ बाहेर न सोडणारं यंत्र तिने पुढे उभं राहता यावं म्हणून शोधलं होतं. तेच यंत्र दिराला आवडलं ते तिला मागे ठेवता येतं म्हणून. ती भांडली असती तर यंत्रच रद्द झालं असतं, हे तिला दिसत होतं.

"मंग सांगू त्याले, पाठव म्हून?" तिने एवढंच विचारलं.

"सांगा, सांगा," पुंजाजी म्हणाला.

यंत्र आलं त्या दिवशी पुंजाजी मुद्दाम मुहूर्त काढून चिखलीला गेला होता. पुष्पांजलीसाठी कोणी पाहुणे बघायचे होते, ते आटोपून दुपारी नारळ घेऊनच येतो म्हणाला. मोईज सकाळीच आला. खोकी उघडली, सगळं बाहेर काढलं, मग स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूची भिंत ठोकून बघू लागला.

"काकू, पॉइंट इथंच देऊ ना?"

"नाही. पुढं."

"पुढं म्हंजे? हॉलमदे?"

"काउंटरच्या बाजूले. दारातून आलं का समोर दिसलं पाह्यजे तिथं."

मोईजने स्क्रू ड्रायव्हर कानामागे अडकवला. "पुंजाजीभाऊले माहीत हाय?"

"तू वायर जोडतं का पंचायत बसवतं?"

"वायर जोडतो," मोईज लगबगीने म्हणाला. "वायरीले काय, तिकडून चहा उकळला काय अन् हे उकळलं काय." मग डोकं खाजवलं. "पन काकू, बोर्ड मागं हाय. जाड केबल हाय, पुढं न्यायची तर वरून फिरून न्या लागते, पट्टी मारा लागते. अन् पान्याचा पाइपही मागच्या नळापासूनच येनार. भिंत फोडा लागते."

अन्नपूर्णाबाईने भिंतीकडे पाहिलं. भिंत आधीच फोडलेली होती.

"खिडकीतून ने," ती म्हणाली.

"मंग झडप लागणार नाही, काकू."

"नाही लागणार."

मोईजने केबल खिडकीतून घेतली, शेजारून पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप घेतला, तिन्ही नीट पट्टीने आवळून बसवले. अर्थिंगसाठी बाहेर खड्डा करताना त्याच्या माणसाने खड्ड्यात घालायला मीठ मागितलं, तर म्हणाला, "बे, या मातीत अन् मीठ? इथली माती चाटून पाह्य." सगळं झाल्यावर त्याने कळ दाबली. पडद्यावर आकडे उमटले. विक्रेत्याने सांगितलं होतं, पहिल्या दिवशी नुसतं पाणी उकळून भांडं धुवून घ्यायचं. अन्नपूर्णाबाईने आरओचं पाणी ओतलं, झाकण लावलं, गल्ल्याची खुर्ची ओढून यंत्राशेजारी घेतली आणि बसली. पदर डोक्यावरून सरकला होता. तो तिने वर घेतला नाही, कमरेला खोचला.

कचरू आला, नेहमीच्या कोपऱ्यात बसला, वेटरने ग्लास आणून दिला. पहिला घोट घेताना त्याची नजर समोर गेली आणि ग्लास टेबलाखाली गेला. आणखी दोघं आले. ते दारातच थांबले, एकमेकांकडे पाहिलं आणि शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे भिंतीकडेने जाऊन बसले.

"कचरूभाऊ," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "ग्लास वर ठेवा. खाली सांडला तर फरशी मलेच पुसा लागते."

कचरूने ग्लास वर ठेवला. मग काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणाला, "वहिनी, वीस वर्सं झाले, तुमच्या हातचं खाऊन राह्यलो. तुमाले आज पाह्यलं." आणि फार बोललो की काय असं वाटून पापड मोडू लागला.

तेवढ्यात मागच्या दाराने पुंजाजी आला. हातात नारळ, मागे हळदी-कुंकवाचं ताट घेतलेली विमलबाई. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला. "वहिनी! मशीन कुठी हाय?"

"इकडं."

पुंजाजीचा चेहरा खिडकीत आला. त्याला वाकावं लागलं. केबल आणि पाइपांच्या वरून त्याने हॉल पाहिला, यंत्र पाहिलं, यंत्राशेजारी गल्ल्याची खुर्ची पाहिली, खुर्चीवर बसलेली वहिनी पाहिली.

"हे... हे इकडं काऊन?"

"धूर नाही, वाफ नाही. स्वयंपाकघर लागतच नाही तिले."

"मागं ठेवाचं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं. मी कोनती घ्याची ते सांगतलं होतं. कुठं ठेवाची ते मले कोनी विचारलंच नाही."

"वहिनी, गिऱ्हाईक पळून जाईन! बाईमानसासमोर कोन पेते?"

अन्नपूर्णाबाईने कोपऱ्याकडे पाहिलं. कचरूने सगळ्यांच्या देखत ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि मिशा पुसल्या.

पुंजाजीचा चेहरा लाल झाला. "पुष्पांजलीचं काय? आजच मी चिखलीले..."

"त्यायले इथंच आना. मी चहा देईन. पुढून येऊन देईन. ज्यायले चालीन ते बसतीन. ज्यायले नाही चालनार त्यायच्या घरात पोरीनं जाऊन कराचं काय? झडपीमागं उभं राह्याचं?"

"मी गल्ल्यावर बसनार नाही मंग!"

हे त्याचं शेवटचं होतं, आणि ते खरं होतं. गल्ला, मालाच्या गाड्या, साहेबलोक, सगळं तोच बघत होता. तो उठून गेला तर काय काय अंगावर येईल हे अन्नपूर्णाबाईला नीट माहीत होतं. तिने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. पाणी उकळीला आलं होतं, झाकण थरथरत होतं, आणि खोलीत कुठेही वाफ नव्हती.

"नका बसू," ती म्हणाली. "खुर्ची मले लागतेच. उकळी येईलोक उभं राहून पाय दुखतात."

पुंजाजीने झडप ओढली. ती जोरात पाइपावर आपटली आणि परत उघडली. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा उघडली. हॉलमध्ये कोणीतरी हसू दाबलं. खिडकीतला चेहरा मागे गेला, चपलांचा आवाज झाला, मागचं दार वाजलं. बाहेर मोटारसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

मग खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. हातात नारळ होता. जाताना पुंजाजी तो ओट्यावर टाकून गेला असावा.

अन्नपूर्णाबाई उठली, तिने नारळ घेतला. नव्या वस्तूसमोर नारळ कोणी फोडायचा आणि कोणी फोडायचा नाही, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने तो दाराच्या पायरीवर एका दणक्यात फोडला, पाणी यंत्राच्या पायाशी शिंपडलं आणि एक वाटी कचरूच्या टेबलावर ठेवली. दुसरी वेटरच्या हातात दिली. "हे मागं दे. चटणीले खोबरं पाह्यजेच होतं."

खिडकीतला हात अजून तिथेच होता, रिकामा. आत घ्यावा की नाही हे त्याला कळत नसल्यासारखा.

"विमल," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "तिकडं काऊन उभी राह्यली? कुंकवाचं ताट घे अन् फिरून ये. दार पुढून हाय."